भाऊजींचा बारावा हिस्सा

माझी थोरली बहीण चार महिने जिना उतरली नव्हती, आणि तिचा नवरा त्यावर उपाय म्हणून बिल्डिंगभर सह्या गोळा करत फिरत होता. खरं तर एवढ्या एका वाक्यात माझे भाऊजी कोण आहेत ते कळायला हवं. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगते.

आधी माझ्याविषयी, म्हणजे हिला घरातलं इतकं कसं ठाऊक असं कुणाला वाटायला नको. ताईच्या समोरचंच घर माझं. दोघींची दारं समोरासमोर, मधलं अंतर भाऊजींच्या मोजणीप्रमाणे सात फूट दोन इंच. नोकरीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून द्यायचं आणि आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा ठेवायचा, यात माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर चेहऱ्याची गरज संपली, कान मात्र तसेच राहिले.

भाऊजी मोजणी खात्यात होते. साखळी, झेंडे आणि नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची शेतं मोजली. दोन सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे, तिथं हे जायचे, मोजायचे आणि हद्दीचा दगड रोवून परत यायचे. आपण रोवलेला एकही दगड कुणाला हलवावा लागला नाही, हा त्यांचा अभिमान. "माणूस भावाला ओळखत नाही, दगडाला ओळखतो," असं ते म्हणत. घरीही तोच खाक्या. कपाटाचे कप्पे वाटलेले, टॉवेलचे खिळे वाटलेले. पलंग तेवढा मोजला नाही, कारण साखळी खोलीत मावत नाही, असं ताई सांगायची.

अशा माणसानं उतारवयात बिल्डिंगमध्ये घर घेतलं, तिथंच सगळं बिनसलं. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर तीन घरं, एकूण बारा. लिफ्ट नाही. आम्ही अगदी वर, तिसऱ्या मजल्यावर. करारपत्र चाळीस पानांचं होतं. बाकीच्या अकरा जणांनी जिथं खूण होती तिथं सही केली आणि किल्ल्या घेतल्या. भाऊजींनी भिंग लावून चाळीसही पानं वाचली, आणि सव्विसाव्या पानावर त्यांना एक वाक्य सापडलं. जिना, गच्ची, आवार, पाण्याची टाकी आणि बाहेरच्या भिंती यांत प्रत्येक घराचा एक-बारांश अविभक्त हिस्सा. भाऊजींना 'एक-बारांश' दिसलं. त्याच्या पुढचा शब्द त्यांनी वाचला, पण मनावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप आणि खडू घेऊन गच्चीवर गेले. गच्ची मोजली, बारांनी भागली, ईशान्येचा कोपरा आपला ठरवला, खडूनं रेघ मारली आणि चारी कोपऱ्यांना एकेक वीट ठेवली. नऊच्या सुमाराला बायका कपडे वाळत घालायला आल्या, तर हे उभे. "तुमच्या हिश्शात घाला ना," असं म्हणाले, अगदी सौजन्यानं. दुपारपर्यंत तिथं सहा बायका होत्या आणि दोरी कुणाच्या हिश्शात येते यावरून त्यांचं चांगलंच जुंपलं होतं. त्यातल्या चौघी आदल्या दिवसापर्यंत एकमेकींच्या जिवाभावाच्या होत्या.

शेवटी पहिल्या मजल्यावरची वकीलबाई वर आली. वयानं आमच्या मुलीसारखी, पण बोलायला लागली की समोरच्याला आपणच लहान आहोत असं वाटतं.

"काका, पिठात मीठ घालून मळलं की मीठ कुठल्या बाजूला आहे ते दाखवता येतं का?"

"नाही."

"तसा तुमचा हिस्सा. तो कोपऱ्यात नाही, सगळ्या गच्चीत आहे. आणि माझाही त्याच सगळ्या गच्चीत आहे. अविभक्त म्हणजे तेच."

"म्हणजे ही वीट..."

"ही वीट बारा जणांची आहे. तुम्ही ती कुठंही ठेवा."

भाऊजी खाली आले. दोन दिवस धड जेवले नाहीत. ताईला वाटलं, पोट बिघडलं. बिघडलं होतं ते वेगळंच. हद्द नाही आणि तरी मालकी आहे, हे त्या माणसाला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना ते पटलं, आणि मग खरा ताप सुरू झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभही शाबूत होता, फक्त पीळ उलटा बसला. भाऊजींचा नवा सिद्धांत असा: प्रत्येक विटेचे बारा मालक असतील, तर एकानं भिंतीत खिळा ठोकला की तो बाकीच्या अकरा जणांच्या मालमत्तेत घुसतो. म्हणून जिन्यात, गच्चीत, आवारात काहीही करायचं तर बाराही घरांच्या सह्या हव्यात. वकीलबाईनं सांगून पाहिलं की किरकोळ गोष्टींना बहुमत पुरतं. भाऊजी म्हणाले, "बहुमतानं ठोकला म्हणून खिळा उरलेल्यांच्या विटेत शिरायचा थांबतो का?" यावर तिच्याकडे उत्तर असावं, पण तिला कोर्टात जायची घाई होती. सेक्रेटरी व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे भाऊजी सेक्रेटरी झाले, आणि त्यांचा सिद्धांत हाच बिल्डिंगचा नियम झाला.

पहिल्या मजल्यावरचा दिवा वीस दिवस बंद राहिला, कारण नवा पांढरा हवा की पिवळा यावर बारा सह्या होईनात. अंधारात लोक ठेचकाळत होते, पण सर्वसंमतीनं ठेचकाळत होते.

त्यातच घड्याळाचं प्रकरण झालं. दुसऱ्या मजल्यावर एक घड्याळं दुरुस्त करणारे राहतात. त्यांना आम्ही घड्याळजी म्हणतो. बिचाऱ्यांनी हौसेनं आपलं एक जुनं लंबकाचं घड्याळ जिन्याच्या चौकात लावलं, येताजाता सगळ्यांना वेळ कळावी म्हणून. भाऊजी वर येताना थांबले. "खिळा आधी आणि परवानगी मागून?" म्हणाले. घड्याळजींनी त्याच संध्याकाळी अकरा सह्या आणल्या. बारावी भाऊजींची. भाऊजींनी ती दिली नाही. आधी खिळा काढा, भिंत पूर्ववत करा, मग अर्ज करा, मी विचार करीन. घड्याळजींनी घड्याळ काढलं, खिळा काढला, भोक तसंच ठेवलं. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की एक जण छताकडे बघायचा आणि दुसरा पायऱ्या मोजायचा.

आणि मग ताई आजारी पडली.

हृदयाची एक झडप अशक्त झाली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, रोज चालायचं, फक्त जिना एका दमात चढायचा नाही, मध्ये पाच मिनिटं बसायचं. ऐकायला किती सोपं. दवाखान्यातून परत आलो त्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंत ती चढली आणि तिथं तिचा श्वासच सापडेना. बसायला काही नाही. तिनं कठडा धरला, मी तिला धरलं, दारं उघडली, माणसं जमली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती बसली, सावरली, वर आली. संध्याकाळी खुर्चीवाल्यांनी खुर्ची परत नेली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. खुर्ची त्यांची होती.

त्यानंतर ताई खाली गेली नाही. रोज "उद्या बघू" म्हणायची. जन्मभर शिवणकाम शिकवलेली बाई, शंभर मुलींना एका नजरेत गप्प करणारी. संध्याकाळी पिशवी घेऊन बाजारात जायची आणि भाजीवालीशी यथेच्छ भांडून ताजी होऊन परत यायची. ती आता खिडकीत बसून माझ्याकडे आज फाटकाबाहेर कोण दिसलं याची चौकशी करायची. मी म्हटलं, "चल, मी येते बरोबर." तर म्हणाली, "आणि मला दम लागला तर तू उचलून आणणार का? स्वतःचे गुडघे बघ." भाजी भाऊजी आणायला लागले. शेंगा आणल्या तर सगळ्या एका लांबीच्या. ताई त्या निवडताना हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. मला तिची काळजी वाटत होती आणि भाऊजींचा राग येत होता, कारण ते काही करत नव्हते, असं मला वाटत होतं.

ते करत होते. दुसऱ्या मजल्याच्या चौकात भिंतीला घडीचं बाकडं बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. उघडलं की बसता येईल, मिटलं की वाट मोकळी. रुंदी अठरा इंच, उंची सोळा, बिजागऱ्या तीन.

"एक खुर्ची ठेवा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"खुर्ची कुणाची?"

"आपली."

"मग बारा जणांच्या जागेत एका घराची खुर्ची कुठल्या हक्कानं राहणार? उद्या कुणी आपलं शिलाई मशीन आणून ठेवेल."

"मग वकीलबाई म्हणते तसं सात सह्यांवर भागवा."

"घड्याळाला बारा मागितल्या आणि बाकड्याला सात?"

माणूस हट्टी असला की निदान दुटप्पी तरी असावा, म्हणजे त्याच्याशी भांडता येतं.

अर्जात त्यांनी लिहिलं, 'एका रहिवाशाच्या सोयीसाठी'. ताईचं नाव नाही. सेक्रेटरीनं स्वतःच्या बायकोसाठी सगळ्यांची भिंत वापरली, असं कुणी म्हणायला नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार. कोण रहिवासी, कसली सोय, हे न कळल्यामुळे प्रत्येक घरात शंका निघाल्या. कुणाला वाटलं, भाऊजींना तिथं बसून सगळ्यांवर नजर ठेवायची आहे. तरी दहा घरांच्या सह्या झाल्या, तीन आठवड्यांत. मग घोडं अडलं ते घड्याळजींच्या दारात.

घड्याळजी नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "उद्या या." आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना जे ऐकवतात तेच. भाऊजी उद्या गेले. परवा गेले. सहा दिवस तो पाठमोरा ताठ कणा दुसऱ्या मजल्यावर उतरताना मी बघितला. जो माणूस कुणाच्या बापाला दोनदा विचारत नसे, तो सहा वेळा गेला. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. माझं चालू घड्याळ बंद करून मी त्यांच्या दुकानात गेले.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते बघितलं. "याला काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे. झालंय ते ताईला." आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी माझं घड्याळ चालू करून परत दिलं. संध्याकाळी स्वतः वर आले. भाऊजींनी दार उघडलं.

"वहिनींसाठी आहे हे लिहायला काय झालं होतं?"

"ते... तत्त्वाचा प्रश्न होता."

"द्या इकडं." आणि त्यांनी आपल्या बारीक, मोत्यासारख्या अक्षरात 'एका रहिवाशाच्या' हे खोडून त्यावर लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना जिना चढताना दम लागतो म्हणून'. खाली सही ठोकली आणि घड्याळाचं नावही न काढता निघून गेले. भाऊजींना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घड्याळाच्या जुन्या अर्जावर आपली बारावी सही केली आणि कागद घड्याळजींच्या दाराखालून आत सरकवला. दार वाजवायचा धीर काही झाला नाही.

इथवर सगळं सरळ झालं असतं. पण मजकूर बदलला होता. बदललेल्या मजकुराजवळ प्रत्येकाची छोटी सही हवी, नाहीतर खाडाखोड धरली जाते, हे मोजणी खात्यातलं शिक्षण. भाऊजी पुन्हा दहा दारं फिरले, आणि दोन दिवसांत दहा घरांना कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना दम लागतो.

मग लोक यायला लागले. माणसं मनानं चांगली हो, पण चांगुलपणाला वेळ-काळ नसतो. फळं आली, काढे आले, ओळखीचे डॉक्टर आले, म्हणजे त्यांचे पत्ते आले. तळमजल्यावरची पाववाल्याची बायको ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या आत्तेला अगदी हेच होतं."

"मग?" ताईनं विचारलं.

"मग काय, गेली."

ताई सगळ्यांशी हसून बोलत होती. पण संध्याकाळी तिनं खिडकीतली खुर्ची आत ओढली आणि पडदा लावून घेतला. खाली उभं राहून लोक वर बघून हात करायला लागले होते.

अशात वकीलबाई कागद बघायला आली. एकेक सही बोटानं मोजली. "अकरा. बारावी?"

"बारावी माझी. ती शेवटी करणार."

"काका, बाकी घरं एकेकाच्या नावावर आहेत. तुमचं दोघांच्या. काकूंची सही कुठाय?"

भाऊजींनी कागद स्वतःकडे ओढून सह्या पुन्हा मोजल्या.

"माझं म्हणाल तर सात पुरल्या असत्या," ती म्हणाली. "पण नियम तुमचा आहे." आणि माझ्याकडे बघून न हसण्याचा तिनं मनापासून प्रयत्न केला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अकरा दारं फिरलेला माणूस तेराव्या सहीसाठी स्वयंपाकघरापर्यंत गेला नव्हता. बाकड्याबद्दल त्यानं ताईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं, हे मी इथं कबूल करते.

ताईनं चष्मा लावून कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, सगळ्या सह्यांसकट. मग घडी घालून टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही."

"का?" भाऊजी म्हणाले.

"हे काय आहे? सगळ्या बिल्डिंगनं मिळून माझं म्हातारपण मंजूर केलंय. त्यावर आता माझीही सही पाहिजे?"

"अगं, बाकडं आहे ते. बसायचं."

"चौकात, सगळ्यांच्या दारासमोर, माझ्या नावानं लावलेलं. मी बसले की दारं उघडणार, वहिनी बसल्या, वहिनींना दम लागला. नको मला."

"दोन महिने मी—"

"मी सांगितलं होतं का?"

भाऊजी उठून गॅलरीत गेले. दोन दिवस त्या घरातून भांड्यांखेरीज कशाचा आवाज आला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाची बाजू घेणार? तरी ताईला म्हटलं, "त्या माणसानं सहा वेळा घड्याळजींच्या पायऱ्या झिजवल्यात." ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. भाऊजी एकदम म्हणाले, "मग तुला हवंय तरी काय?"

"चार महिन्यांत आज विचारताय."

"विचारतोय ना."

"मला खाली जायचंय. सारखं जावंसं वाटतं. चढताना पुन्हा तसं होईल म्हणून भीती वाटते, बाकी काही नाही. तुम्ही माझ्याबरोबर या. दम लागला की मी बसेन."

"कशावर?"

"पायरीवर."

भाऊजींच्या चेहऱ्यावर सगळी चाळीस पानं उमटली. "जिन्यात बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट—"

"अडेल. कडेनं जातील. पायरीत माझा हिस्सा आहे की नाही?"

"आहे. पण तो अविभक्त—"

"म्हणजे कुठल्याही पायरीवर बसता येईल," ताई म्हणाली आणि चपला घालायला उठली.

त्या दिवशी ती दोघं दुसऱ्या मजल्यापर्यंतच उतरली आणि परत फिरली. मागून पाण्याची बाटली घेऊन मी. चढताना मधल्या चौकाला तीन पायऱ्या उरल्या असताना ताईचा श्वास चढला आणि ती सरळ खाली बसली. भाऊजी शेजारी उभे, कठड्याला हात लावून, कुणी बघत नाही ना हे बघत. गच्चीवर गेलेले घड्याळजी वरून आले. भाऊजी काहीतरी स्पष्टीकरण द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात ताई वीतभर सरकली, घड्याळजी कडेनं उतरून गेले, आणि "बसा, बसा वहिनी" एवढंच म्हणाले. मग भाऊजीही बसले. मोठ्या कष्टानं, एक हात गुडघ्यावर ठेवून. त्यांना जिन्यात बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी दोन पायऱ्या खाली उभी होते आणि न ऐकल्याचा चेहरा करत होते.

"मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे," भाऊजी म्हणाले.

"मग?"

"मी आहे तोवर मी धरीन तुला. नंतर तू इथं अशी थांबशील. कुणीतरी खुर्ची आणेल आणि संध्याकाळी परत नेईल. कुणाचं चुकत नाही त्यात. म्हणून मला बारा सह्या हव्या होत्या. सात असल्या की पुढं कुणीतरी म्हणेल, आम्ही कुठं हो म्हटलं होतं, काढा. बाराच्या बारा असल्या की ते कुणाला काढता येणार नाही. तू कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हक्कानं बसशील."

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. तीस वर्षं मी या माणसाची थट्टा केली, त्यातली निम्मी त्या क्षणी मला परत घ्यावीशी वाटली. दगड रोवायचं एवढं एकच काम त्याला येत होतं, आणि आपल्या माघारी बायकोसाठी तो एक दगड रोवून ठेवत होता. माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली.

ताईनं हात पुढं केला. "कागद खिशात असेलच."

होताच. पेनही होतं. तिनं कागद गुडघ्यावर पसरला, घड्याळजींची ती मोत्यासारखी ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'ज्याला बसावंसं वाटेल त्याच्यासाठी'. मग खाली मापं होती तिथं गेली, 'रुंदी अठरा इंच' खोडून 'तीन फूट' केलं.

"तीन फूट कशाला?"

"एकटीचं माप कशाला घेतलंत? अजून दोघं आहोत ना." आणि तिनं सही केली.

भाऊजींनी कागद घेतला, दोनदा वाचला. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी देवाला म्हणत होते, आता नको, आता बोलू नकोस. पण स्वभावाला औषध नाही.

"मजकूर बदलला," ते म्हणाले. "आता सगळ्यांच्या सह्या पहिल्यापासून घ्याव्या लागतील."

"घेऊ की," ताई म्हणाली. "मी येते ना बरोबर."

पहिल्या दिवशी आमचाच मजला झाला. माझं दार वाजवून दोघं अगदी रीतसर उभी राहिली, आणि मीही अर्ज रीतसर वाचून सही केली. दुसऱ्या दिवशी दुसरा मजला. घड्याळजींनी 'उद्या या' म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिला मजला. वकीलबाईनं सही करताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही, ही तिची मोठीच कृपा. रोज एक मजला जास्त उतरायचा आणि तेवढाच जास्त चढायचा. चढताना ताई जिथं वाटेल तिथं पायरीवर बसायची, भाऊजी शेजारी बसायचे, आणि लोक कडेनं जायचे. एकदा तर वाट पुरली नाही म्हणून आमच्या मजल्यावरच्या तिसऱ्या घरातली दोघंही त्यांच्याबरोबर बसून राहिले.

चौथ्या दिवशी तळमजला. शेवटची सही पाववाल्याची. त्यानं पीठ लागलेले हात पुसून सही केली आणि त्याच्या बायकोनं आतून स्टूल आणलं. "बसा हो वहिनी, दमला असाल."

"नको," ताई म्हणाली. "आम्ही बाहेर निघालोय."

भाऊजींना हे ठाऊक नव्हतं. ते कागदाची घडी घालत होते. घडी तशीच हातात धरून ते तिच्या मागोमाग फाटकाबाहेर पडले. मी वरच्या खिडकीत होते. रस्त्याला लागल्याबरोबर भाऊजी जन्माच्या सवयीप्रमाणे चार पावलं पुढं गेले. मग थांबले, मागं वळले आणि ती येईपर्यंत तिथंच उभे राहिले.